स्वस्त तिकिटात जबाबदारी कोणाची?

वेंगुर्ल्याहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणं अंदमानला जायचं म्हणतोय. मी, मिस्टर, मुलगा 14 वर्षांचा, मुलगी 9 वर्षांची आणि सासूबाई, वय 73. सेल्युलर जेल बघायचं सासूबाईंच्या फार वर्षं मनात आहे. आजवर आम्ही एसटी आणि रेल्वेनेच फिरलो, विमानाचं तिकीट पहिल्यांदाच काढतोय. मुलाने मोबाइलवर तीन पर्याय शोधून दिले. पहिला, गोव्यातल्या मोपा ते बेंगळुरू ते पोर्ट ब्लेअर, एकाच कंपनीचा, मध्ये 2 तास 10 मिनिटांचा 'ले-ओव्हर'. दुसरा, गोव्यातल्याच दाभोळी ते चेन्नई एका कंपनीचं विमान आणि पुढे दुसऱ्या कंपनीचं, मध्ये पावणेतीन तास, खाली बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर'. हा माणशी अडीच हजारांनी स्वस्त आहे. तिसरा मोपाहूनच आहे. त्यावर 'डायरेक्ट' लिहिलंय, पण खाली '1 स्टॉप' असंही आहे. मुलगा म्हणतो सगळी सारखीच, स्वस्त ते घे. मुंबईचा पुतण्या म्हणतो, ट्रेनने इकडे या, मुंबईहून स्वस्त पडेल. बाजारातले ट्रॅव्हल्सवाले म्हणतात, आजच पैसे भरा, रेट चढतोय. शब्दच कळत नाहीत, त्यामुळे काही ठरत नाही."

ताई,

दुसरा पर्याय सोडून द्या. उरलेल्या दोहोंतला कुठला घ्यायचा हे एका प्रश्नावर ठरेल, त्याकडे मी येतेच. पण दुसरा का नको, हे आधी नीट समजून घ्या. पुढे कुठेही विमानाने जायचं ठरवलंत तरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येणार आहे.

पाच जणांचे साडेबारा हजार वाचतात, ही रक्कम लहान नाही. मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण पैसे वाचतात कशामुळे, ते बघा. दुसऱ्या पर्यायात तुम्ही गोव्याहून अंदमानपर्यंतचा प्रवास विकत घेतच नाही. गोवा ते चेन्नई हे एक तिकीट आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे दुसरं, असे दोन स्वतंत्र व्यवहार होतात. पहिल्या कंपनीला तुम्ही पुढे कुठे जाणार आहात याच्याशी कर्तव्य नाही, आणि दुसरीला तुम्ही कुठून आलात याच्याशी नाही. मधला सांधा तुमचा. तो निखळला तर भुर्दंडही तुमचाच. 'सेल्फ ट्रान्सफर' या दोन शब्दांत एवढं सगळं भरलेलं आहे, आणि वेबसाइटवर ते नेमके बारीक अक्षरांत असतात याचा मला मनापासून राग येतो.

चेन्नईत तुमच्या बाबतीत काय घडेल ते बघू. विमान उतरलं. पाच जणांच्या बॅगा पट्ट्यावर यायची वाट बघायची. सगळ्या आल्या की सामानासकट बाहेर पडायचं. मग पुन्हा निर्गमनाच्या दाराशी जाऊन तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आत शिरायचं, दुसऱ्या कंपनीचा काउंटर शोधायचा, रांगेत उभं राहून बॅगा पुन्हा द्यायच्या, आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानांचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतात. म्हणजे तुमचे पावणेतीन तास प्रत्यक्षात पावणेदोनच. पहिलं विमान तासभर उशिरा आलं की उरतो पाऊण तास, आणि त्यातला बराचसा पट्ट्यापाशीच जातो. सोबत 73 वर्षांच्या सासूबाई. त्यात दिवाळीच्या दिवसांत चेन्नईला परतीच्या मोसमी पावसाचा भर असतो. आपल्याकडे आकाश निरभ्र होत आलेलं असतं तेव्हा तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर खरा पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही याच दिवसांत होतात. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईचा विमानतळच पाण्यामुळे बंद ठेवावा लागला होता. दर दिवाळीत असं होतं असं नाही, पण उशीर व्हायला एवढं मोठं वादळ लागतही नाही.

दुसरं विमान चुकलं तर त्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही 'नो-शो', म्हणजे तिकीट असून न आलेले प्रवासी. भाडं गेलं. पुढचं तिकीट त्या दिवशीच्या भावाने, पाच जणांचं. साडेबारा हजार तिथे कुठल्या कुठे जातात. (एक मात्र लक्षात ठेवा, कारण बहुतेकांना हे माहीत नसतं: नो-शो झालं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क परत द्यायला कंपनी बांधील आहे. हवाई वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा तसा नियम आहे आणि तो नॉन-रिफंडेबल, म्हणजे भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटालाही लागू आहे. मागावं लागतं, तेव्हा मागा.)

पहिल्या पर्यायात काय वेगळं आहे? तिथे दोन्ही विमानं बहुधा एकाच पीएनआरवर आहेत; खात्री कशी करायची ते पुढे सांगते. पीएनआर म्हणजे तुमच्या आरक्षणाची सहा अक्षरी-अंकी खूण. रेल्वेचा दहा आकडी पीएनआर तुमच्या ओळखीचा आहेच. विमानाच्या पीएनआरमध्ये अक्षरंही असतात. एकाच पीएनआरवर मोपा ते पोर्ट ब्लेअर असलं की पोर्ट ब्लेअरला पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. मोपाचं विमान उशिरा पोचून बेंगळुरूचं चुकलं, तर वेगळं भाडं न घेता ती तुम्हाला पुढच्या विमानात बसवते. ते विमान दुसऱ्या दिवशीचं असू शकतं, हेही मनात ठेवा. पण तेव्हा काउंटरवर उभं राहून "आता आमचं काय?" असं विचारायचा हक्क तुम्हाला असतो. दुसऱ्या पर्यायात असा हक्क कोणाकडेच बजावता येत नाही.

सामानाचंही तसंच. एका पीएनआरवर बॅगा मोपाला दिल्या की थेट पोर्ट ब्लेअरला घ्यायच्या. मोपाच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेली पट्टी वाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचा कोड असतो. तुमच्या पट्टीवर आयएक्सझेड हवं. तो पोर्ट ब्लेअरचा कोड. बेंगळुरूचा दिसला तर तिथल्या तिथे सांगा, बॅग आत जायच्या आधी. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलं गेलं, म्हणून तिकिटावर नवं नाव दिसलं तर दचकू नका.

इथे एक सापळा आहे. मोबाइलवर पैसे एकदाच भरले म्हणजे पीएनआर एकच मिळाला, असं नसतं. तिकिटं विकणाऱ्या वेबसाइट स्वतःचा एक बुकिंग क्रमांक देतात, आणि त्या एका क्रमांकाच्या पोटात दोन कंपन्यांचे दोन पीएनआर असू शकतात. तसंच एकाच कंपनीची दोन विमानं आहेत एवढ्यावरही विसंबू नका. ती वेगवेगळी काढलेली असतील तर तीही सेल्फ ट्रान्सफरच. याउलट दोन कंपन्यांचा आपसात करार असेल तर दोघींची विमानं एका पीएनआरवर येतात आणि ती चालतात. एका कंपनीने विकलेलं तिकीट आणि दुसरीचं विमान, असा प्रकार तुम्हाला 'ऑपरेटेड बाय' या शब्दांखाली दिसेल. त्याला कोडशेअर म्हणतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त काउंटर आणि सामानाचे नियम कुणाचे, ते आधी विचारून घ्यायचं. थोडक्यात, कंपन्या मोजू नका, पीएनआर मोजा. ट्रॅव्हल्सवाल्यांना पहिला प्रश्न हाच: "जायचा पीएनआर एकच आहे ना?"

आता 'डायरेक्ट'. रोजच्या बोलण्यात डायरेक्ट म्हणजे मध्ये कुठेही न थांबता. विमानाच्या तिकिटात त्यासाठी 'नॉन-स्टॉप' हा वेगळा शब्द आहे. डायरेक्ट म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत फ्लाइट नंबर एकच, पण विमान वाटेत उतरू शकतं. वेंगुर्ल्याहून कोल्हापूरला जाणारी एसटी सावंतवाडी स्टँडवर थांबते, काही माणसं उतरतात, काही चढतात, तुम्ही आपल्या सीटवर बसून राहता, तसं. अशा थांब्याला बहुतेकदा प्रवाशांना आतच बसवून ठेवतात आणि वरच्या कप्प्यातली आपली बॅग कुठली ते दाखवायला सांगतात. म्हणून तुमच्या तिसऱ्या पर्यायात 'डायरेक्ट' आणि '1 स्टॉप' हे दोन्ही एकदम खरं असू शकतं.

मी ज्या प्रश्नाबद्दल म्हणत होते तो इथे येतो: त्या थांब्यावर विमान बदलावं लागतं का? नंबर एकच असूनही कधी कधी विमान बदलतात. बुकिंगच्या तपशिलात 'नो प्लेन चेंज' किंवा तशा अर्थाचं काही असेल तर ते बघा, नसेल तर कंपनीच्या फोनवर विचारा. बदलावं लागत नसेल आणि एकूण वेळ पहिल्या पर्यायापेक्षा फार जास्त नसेल, तर तिसरा घ्या. सासूबाईंना मध्ये उतरून लांबलचक चालावं लागणार नाही, आणि पुढचं विमान चुकायचा प्रश्नच नाही, कारण तुम्ही त्यातच बसलेले. विमान बदलावं लागत असेल तर पहिलाच बरा. बेंगळुरूचे दोन तास दहा मिनिटं आरामात पुरतात. खरं तर ज्या विमानतळावर जेवढा किमान वेळ लागतो त्याहून कमी वेळाची जोडणी कंपन्या एका तिकिटावर विकतच नाहीत. तासाभराचीही दिसेल, पण वयस्कर माणूस सोबत असताना दोन तास ठेवलेले चांगले.

ले-ओव्हर म्हणजे विमान बदलताना मध्ये थांबायचा हाच वेळ. 'स्टॉपओव्हर' असा आणखी एक शब्द पुढे कधी परदेशी जाताना दिसेल. मधल्या शहरात 24 तासांहून जास्त मुक्काम म्हणजे स्टॉपओव्हर. अंदमानच्या तिकिटात तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या पत्रात मोपा आणि दाभोळी ही दोन्ही नावं आहेत, म्हणजे मुलाने शोधताना नुसतं 'गोवा' टाकलं असणार. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. दाभोळी जुना, कोड जीओआय. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, कोड जीओएक्स. शेवटचं एक अक्षर सोडलं तर दोन्ही सारखेच, आणि घाईत डोळ्यांना ते दिसत नाही. मोपा पेडणे तालुक्यात, आपल्या बांद्याच्या पलीकडे. दाभोळीला मात्र म्हापसा, पणजी करत मांडवी आणि झुआरी ओलांडून जायचं, तेही दिवाळीच्या गर्दीत. दुसरा पर्याय नाकारायला हेही एक कारण आहेच. पण खरी गंमत बिघडते ती परतीला. जाताना मोपा आणि येताना दाभोळी असं तिकीट निघालं आणि गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये राहिली, तर रात्री पाच माणसं आणि सामान घेऊन टॅक्सी शोधावी लागेल. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटांवर जीओएक्सच आहे ना, ते बोट ठेवून वाचा.

चिपीचा विमानतळ तुमच्या तालुक्यातच आहे, तेव्हा घरून निघून अर्ध्या तासात विमानात बसावं असं वाटणं साहजिक आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. पण तिथून उड्डाणं मोजकी, ती लहान एटीआर विमानांची, आणि अंदमानला जायचं तर मोठ्या शहरात दुसऱ्या कंपनीचं विमान धरणं आलं. पुन्हा तोच प्रश्न: पीएनआर एक की दोन? एक मिळत असेल तर जरूर विचार करा.

पुतण्याचं आमंत्रण प्रेमाचं आहे, पण त्यातही तोच हिशेब लावा. कुडाळ किंवा सावंतवाडीहून ट्रेनने मुंबई आणि मग विमान, हीसुद्धा सेल्फ ट्रान्सफरच. ट्रेन उशिरा आली म्हणून विमान कंपनी थांबत नाही आणि रेल्वे विमानाचं भाडं देत नाही. दिवाळी लवकर, ऑक्टोबरात असली तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अजून चालू असण्याची शक्यता असते, म्हणजे गाड्या आणखी सावकाश. मुंबईहून जायचंच असेल तर आदल्या दिवशी पोचून पुतण्याकडे मुक्काम करा, आणि त्या मुक्कामाचा, ट्रेनच्या आरक्षणाचा, टॅक्सीचा खर्च धरून मग 'स्वस्त' म्हणा. शिवाय मुंबईतलं विमान कुठून सुटतं तेही बघावं लागतं. जुन्या विमानतळाचं टर्मिनल 1 विलेपार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल 2 अंधेरी-सहारच्या बाजूला, आणि एकातून दुसऱ्यात जायला रस्त्यावरून फिरून जावं लागतं. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. तिकिटावर एनएमआय असेल तर ट्रेनमधून पनवेललाच उतरायचं. पुढे सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येण्यात दिवस मोडेल.

तारखेबद्दल एक गोष्ट, तीही परतीच्या तिकिटासाठी. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. सात तारखेची रात्र ही आपल्या लेखी पहाट होईपर्यंत सातचीच. विमानाच्या तिकिटात रात्री बाराच्या ठोक्याला तारीख बदलते. '8 तारीख, 00:40' म्हणजे सातला रात्री जेवून विमानतळावर जायचं. आठला रात्री गेलात तर विमान जाऊन जवळपास दिवस झालेला असतो, आणि अशी चांगली शिकलेली माणसंही विमानतळावरून परत गेलेली आहेत. उतरण्याच्या वेळेपुढे बारीक '+1' दिसला तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवशीची. आणि सुटण्याची वेळ 9 लिहिली असली तरी नऊला पोचून चालत नाही. काउंटर आठला बंद, गेट साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद. वेंगुर्ल्याहून निघताना हिशेब काउंटरच्या वेळेपासून मागे धरा.

ट्रॅव्हल्सवाले रेट चढतो म्हणतात ते खोटं नाही. विमानातल्या सीट सारख्या दिसतात, पण विक्रीसाठी त्यांचे गट पाडलेले असतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. तिकिटावर 'इकॉनॉमी'पुढे जे एखादं अक्षर दिसतं ते त्या गटाचं. सीट तीच, भाव आणि अटी वेगळ्या. यातून एक चमत्कारिक गोष्ट होते. स्वस्त गटात तीनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही पाच जणांसाठी शोधलंत, तर वेबसाइट बहुधा पाचही जणांना वरच्या गटाचा भाव दाखवते. म्हणून एकदा तीन जणांसाठी, एकदा दोन जणांसाठी शोधून बघा. फरक मोठा असेल तर दोन पीएनआर करायचा मोह होईल. तसं केलंत तर नऊ वर्षांची मुलगी तुमच्या किंवा मिस्टरांच्याच पीएनआरवर ठेवा. डीजीसीएने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी सीट दिलीच पाहिजे. पीएनआर वेगळा झाला की ही सोय हातची जाते. थोड्या पैशांसाठी मी तरी कुटुंबाची अशी फाळणी करणार नाही. सगळ्यांचा पीएनआर एक असला की काही बिघडलं तरी पाचही जण एकत्रच पुढच्या विमानात बसतात.

घाई करून पैसे भरण्याची भीती मात्र थोडी कमी करता येते. विमान सुटायला सात दिवसांहून जास्त अवधी असेल आणि देशांतर्गत तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढलं असेल, तर निदान पहिल्या 24 तासांत ते रद्द केलं किंवा बदललं तरी दंड लागत नाही. बदलताना भाड्यात फरक असेल तेवढा भरावा लागतो. नावातली चूकही 24 तासांत कळवली तर तिथे विनाशुल्क दुरुस्त करून मिळते. म्हणून माझं सांगणं, भाव कुठेही बघा, तिकीट कंपनीच्या वेबसाइटवर काढा. मुलाला ते सहज जमेल.

ट्रॅव्हल्सवाल्यांकडूनच काढणार असाल, आणि अनेकांना ओळखीच्या माणसाचा आधार वाटतो हे मला मान्य आहे, तर दोन गोष्टी आग्रहाने सांगा. तिकिटावर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच घालायचा. विमानाची वेळ बदलली की कंपनी त्याच नंबरवर कळवते. दुकानाचा नंबर असेल तर निरोप दुकानात पडून राहतो, आणि दिवाळीत दुकान बंद. दुसरं, दुकानाच्या पावतीवरचा क्रमांक वेगळा आणि कंपनीचा पीएनआर वेगळा. वेब चेक-इन, म्हणजे घरूनच मोबाइलवर बोर्डिंग पास काढायला, कंपनीचा लागतो. तो लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

भाड्याच्या प्रकारांची नावं प्रत्येक कंपनीची निराळी, त्यात अडकू नका. तीनच गोष्टी विचारा: रद्द केलं तर किती कापणार, तारीख बदलली तर किती घेणार, आणि चेक-इन बॅग, म्हणजे काउंटरवर द्यायची मोठी बॅग, भाड्यात आहे का. 'लाइट' अशा नावाच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात कधी कधी फक्त हातातली सात किलोची बॅगच धरलेली असते. नेहमीच्या भाड्यात माणशी 15 किलो चेक-इन मिळतं, पण अनेक कंपन्यांकडे ते एकाच नगात. आपल्याकडे एका मोठ्या बॅगेऐवजी चार पिशव्या करायची सवय, ती इथे महागात पडते. 'रिफंडेबल' म्हणजे सगळे पैसे परत असंही समजू नका. रद्द करण्याचा आकार कापला जातोच. फक्त तो मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त कापता येत नाही. आणि परतावा पैशांत न देता 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवतो असं कोणी म्हणालं, तर ते स्वीकारायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे.

फराळाचे डबे न्यायला हरकत नाही. पण सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या कुणासाठी भेट म्हणून चेक-इन बॅगेत घालू नका, त्या ज्वलनशील धरल्या जातात आणि काढून ठेवायला लावतात. मोबाइलची पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत हवी.

परतीबद्दल मुलाला एक बजावून ठेवा. येताना बेंगळुरूला उतरून मावशीकडे राहू वगैरे बेत ऐन वेळी करू नयेत. एका पीएनआरवरचा एखादा टप्पा सोडला, तर तो तर जातोच, आणि कंपनी त्यापुढचे सगळे टप्पेही आपोआप रद्द करते. मधला मुक्काम हवाच असेल तर आत्ताच 'मल्टी-सिटी' या पर्यायातून तसं तिकीट काढायचं.

सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, निदान 48 तास आधी. मागताना तीन प्रकार विचारतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, तो पहिला. पायऱ्याही चढता येत नाहीत, तो दुसरा. आणि सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, तो तिसरा. पोर्ट ब्लेअरला किंवा मधल्या विमानतळावर शिडीने उतरावं लागलं तर याच नोंदीवर त्यांची सोय ठरते, म्हणून त्यांना विचारून खरं ते लिहा. आपल्या घरची मोठी माणसं "मी चालेन गो" म्हणून मोकळी होतात. त्यांचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच तिकिटावर घाला. तुमचंही तसंच; माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं तिकिटावर असं व्हायला नको. तिकीट हाती आलं की त्याच दिवशी पाचही नावं, दोन्ही तारखा आणि जीओएक्स-आयएक्सझेड हे कोड मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. काही चुकलं असेल तर 24 तास हाताशी आहेत.